मामांच्या गोठ्यातली जीप: फोर्ड, विलीज का महिंद्रा? आणि ओरिजिनल पार्ट कुठं मिळतील?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. आईचं माहेर पाटण तालुक्यात. तिथं मामांच्या गोठ्यात एक जीप उभी आहे, म्हणजे उभी कसली, रुतलीय. कोयनेच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा आजोबा वाळू-खडी पुरवायचे, त्यांनी ती एका ठेकेदाराकडून घेतली आणि त्यानं म्हणे ती मिलिटरीच्या लिलावातून उचलली होती. आजोबा गेल्यापासून बंद, म्हणजे पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. वर कडब्याच्या पेंढ्या, आत कोंबड्या. गेल्या दिवाळीत मामा म्हणाले, एवढी हौस आहे तर घेऊन जा बाबा, नाहीतर भंगारवाला किलोवर मागतोयच.

आता गोंधळ असा की घरात सगळे तिला पहिल्यापासून "फोर्ड" म्हणतात. कराडहून मिस्त्री नेला होता, तो म्हणाला फोर्ड-बिर्ड काही नाही, ही महिंद्राच, डेंटिंग-पेंटिंग करून चकाचक करून देतो. पुढच्या जाळीला ७ खाची आहेत, आणि मी वाचलंय की ७ म्हणजे सिव्हिलियन आणि ९ म्हणजे मिलिटरी. पण मागं फाळका नाही, सरळ बंद पत्रा आहे. स्टेअरिंग डावीकडं. बोनटवर मधोमध पत्र्याचं कुबड वेल्ड केलंय, ते का केलं कुणालाच माहीत नाही. चाकं काढायला गेलो तर डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचे नट हलेनात, मिस्त्रीनं पान्याला पाइप लावून जोर दिला आणि दोन स्टड कटकन तुटले.

तर विचारायचं असं की ही नक्की आहे कोण, आणि ओरिजिनल पार्ट कुठं शोधू? एक जण ऑनलाइन मला "१९४४ची ओरिजिनल" डॅशबोर्डची प्लेट आणि मीटरचा सेट देतो म्हणतोय, अर्धे पैसे आधी मागतोय. सहा फोटो टाकलेत, उजेड कमी आहे, माफ करा.

पाना-पक्कड

भावा, सगळ्यात आधी त्या मिस्त्रीच्या हातातनं पाइप काढून घे. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात या जीपला. उजवीकडची चाकं नेहमीसारखी सुटतात, डावीकडचे नट उलट्या दिशेनं फिरवायचे. तो बिचारा सोडतोय म्हणून आवळत होता, स्टड तुटणार नाय तर काय होणार. निम्म्या महाराष्ट्रातल्या जुन्या जीपचे डावे स्टड असेच गेलेत. पण यावरनं ती मिलिटरीची ठरत नाय हां, जुन्या सिव्हिलियन जीपलाही उलटे आटे असायचे.

दुसरं, एक रुपयाचा पार्ट घेऊ नकोस अजून. तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेच करतोय, माणसं आधी पार्ट घेतात आणि मग गाडी कुठली ते विचारतात. आणि टेप लावून काय कळत नाय, दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी, त्याच नमुन्यावर फोर्डनं बनवलेली जीपीडब्ल्यू, लढाईनंतरची विलीजची सिव्हिलियन सीजे-२ए, आपली महिंद्राची सीजे-३बी, सगळ्यांचा व्हीलबेस ८० इंचच. जाळीवर तर अजिबात जाऊ नकोस. जाळी बोल्टावर बसते, कुणीपण बदलतो. गाडी ओळखायची ती चेसीवरनं.

पुढच्या बंपरच्या मागं, रेडिएटरच्या खाली, दोन्ही चेसी पट्ट्यांना जोडणारा आडवा मेंबर हाय. तिथं झोपून हात घालून बघ. गोल पाइप लागला तर लढाईतली विलीज. उलट्या यू सारखा चॅनल लागला तर फोर्डकडं वळतंय, पण एवढ्यावर नाचू नकोस, अजून बघायचं. डाव्या चेसी पट्टीवर वरच्या अंगाला, इंजिन माउंटच्या आसपास, फोर्डनं नंबर पंच केलेला असतो, सुरुवात जीपीडब्ल्यूनं. विलीजचा नंबर पंच नसतो, छोटी प्लेट असते, डाव्या पट्टीला आतनं रिव्हेट केलेली, ती बऱ्याचदा पडून गेलेली असते. नंबरावर ग्राइंडर लावायचा नाय, हात जोडून सांगतो. रॉकेल नायतर डिझेल लाव, दोन दिवस भिजू दे, मग पितळी ब्रशनं हातानं घास. एकाचा नंबर ग्राइंडरनं पुसलेला बघितलाय मी, आता ती गाडी कागदावर लोखंड हाय नुसतं.

तिसरं, बोल्टांची डोकी बघ. ब्रॅकेट, मडगार्डचे बोल्ट, सीटच्या फ्रेमी, हुक. फोर्डनं जमेल तिथं आपला एफ मारलाय. चार-पाच ठिकाणी जरी सापडला तरी सांग. आणि हेडलाइट मागं वळून इंजिनवर उजेड पाडतात का बघ, लढाईतल्या जीपला तशी बिजागरी असते, रात्री बोनट उघडून काम करता यावं म्हणून.

प्लेटवाल्याला पैसे देऊ नकोस. डॅशबोर्डच्या त्या तिन्ही प्लेटा आज नव्या छापून मिळतात, त्याला ओरिजिनल म्हणणारा माणूस पुढं काय काय ओरिजिनल विकेल सांगता येत नाय.

नऊखाची

सरळ सांगतो, बोनटवरचं कुबड कापून टाका, ७ खाची जाळी विकून टाका, ओरिजिनलसारखी ६ व्होल्टची वायरिंग करा आणि बोल्टसुद्धा एफवाले लावा. करायचं तर शंभर टक्के, नाहीतर लग्नात नवरदेव बसवायला द्या. अर्धवट केलेल्या जीप लै बघितल्यात रॅलीत, पुढून १९४४ आणि मागून १९९४.

कोयनाकाठ

पाना-पक्कड दादा, तुमचे पाय कुठं आहेत. उलटं फिरवलं आणि उरलेले तीन नट पाच मिनिटांत निघाले! मिस्त्री बघतच राहिला, मग म्हणाला मला माहीत होतं.

रविवारी दिवसभर तिथंच होतो. पुढचा मेंबर चॅनल आहे, उलटा यू, नक्की. बोल्टांवर एफ मोजायला लागलो आणि मोजायचंच सोडून दिलं, मागच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आहे, सीटच्या फ्रेमला आहे, डाव्या मडगार्डच्या जवळजवळ सगळ्या बोल्टांना आहे. उजव्या मडगार्डला एकही नाही. नंबरावर डिझेल लावून ठेवलंय, जी आणि पी स्पष्ट दिसतंय, पुढचं अजून गंजाखाली आहे. हेडलाइट मात्र वळत नाहीत, साधे जाळीवरच बसवलेत. जाळी खालून गॅस कटरनं कापल्यासारखी दिसते.

इंजिनचा फोटो नीट काढलाय या वेळी. वरती लांबट डब्यासारखं झाकण आहे आणि कार्बोरेटर त्याच्या शेजारी, पार वर. मामांना विचारलं तर आठवलं, ते शाळेत असताना इंजिन एकदा "फुटलं" होतं आणि आजोबांनी साताऱ्याहून दुसरं आणून बसवलं. कुठलं ते माहीत नाही.

पाना-पक्कड

कुबडाचं कोडं सुटलं बघ. तुझं इंजिन हरिकेन हाय. एफ-हेड म्हणतात त्याला, हा एफ फोर्डचा नव्हे. महिंद्रानं सीजे-३बी ला बरीच वर्षं दिलं ते.

नीट समजून घे, कारण पुढचा सगळा खर्च यावर हाय. लढाईतल्या जीपचं इंजिन म्हणजे गो-डेव्हिल, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर, साइड व्हॉल्व्ह. दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, बाजूला. त्यामुळं हेड म्हणजे नुसता सपाट पाट, वर झाकण नाय, काय नाय, बुटकं इंजिन, म्हणून बोनट एवढं खाली बसतं. पुढं विलीजनं त्याच ब्लॉकवर इनटेकचे व्हॉल्व्ह हेडमध्ये घेतले, एक्झॉस्टचे खालीच ठेवले. बोअर तोच, स्ट्रोक तोच, ताकद ७० च्या वर गेली, पण उंची वाढली. बोनटखाली मावेना म्हणून सीजे-३बी चं नाक असं उंच केलं, आपण हायबोनट म्हणतो ती. तुझ्या आजोबांच्या मिस्त्रीकडं बुटकी गाडी आणि उंच इंजिन. त्यानं काय केलं, बोनट कापलं आणि वर कुबड बसवलं. रेडिएटर बदलला तेव्हा जाळीपण बदलली असणार. आणि काम वाईट नाय केलेलं, वेल्डिंग बघ त्याचं, आजकालच्या पोरांना जमणार नाय.

म्हणजे तुझी गाडी फोर्ड, इंजिन महिंद्रा, उजवं मडगार्ड कुठलं ते देवाला ठाऊक. अशीच असते आपल्याकडची जीप. चाळीस-पन्नास वर्षं जी गाडी उसाच्या रानात चालली तिचं जे तुटलं ते तालुक्याला जे मिळालं त्यानं बदललं.

नऊखाचीचं म्हणणं मला पटत नाय. हरिकेन चांगलं इंजिन हाय, पिस्टन-रिंगा मिळतात, कोल्हापुरात कुठलाही लेथवाला बोअर मारून देतो. गिअरबॉक्सपण बहुतेक टी-९० असणार इंजिनाबरोबर आलेला. ओरिजिनलचा टी-८४ नाजूक प्रकरण होतं, दात उडायचे, त्याचे पार्ट शोधता शोधता म्हातारा होशील. चालणारी गाडी ठेव, एवढंच म्हणतो.

ओहायोचा दत्तू

नमस्कार, मी मूळचा वाईचा, आता टोलेडोपासून तासाभरावर राहतो. म्हणजे जिथं विलीजच्या जीप बनल्या ते गाव, आजही जीप तिथंच बनते आणि जुन्या विलीज-ओव्हरलँड फॅक्टरीची एक चिमणी अजून उभी ठेवलीय. माझ्याकडं १९४५ची एमबी आहे, सात वर्षं झाली करतोय, अजून पूर्ण नाही, बायको म्हणते होणारही नाही.

आधी एक गंमत सांगतो. पहिल्या वर्षी मी इथल्या एका दुकानातून हौसेनं बराच माल मागवला, ब्रेकचे पार्ट, लाइटचे ब्रॅकेट, पेडल. बॉक्स उघडले आणि आत काय, मेड इन इंडिया. इथं जगभर जे रिप्रॉडक्शन, म्हणजे जुन्यासारखे नवे बनवलेले पार्ट विकले जातात त्यातले कितीतरी आपल्याकडूनच येतात. म्हणजे कोयनाकाठ, तुम्ही जो पार्ट डॉलर देऊन, कस्टम भरून अमेरिकेतून मागवाल तो कदाचित दिल्लीहून निघून समुद्र ओलांडून परत तुमच्याकडं येईल. त्यामुळं दिल्लीचं काश्मिरी गेट, मायापुरी हे आधी बघा. बंगालमधल्या पानागढला लढाईत अमेरिकन तळ होता आणि आज तिथं जुन्या गाड्यांचा सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तिकडं कुणी ओळखीचं असेल तर चौकशी करा. मुंबईत चोर बाजार, कुर्ला, पुण्यात जुना बाजार इथं मीटर, दिवे, जॅक, हवेचा पंप अशा किरकोळ वस्तू अवचित सापडतात, पण यादी घेऊन गेलात तर नाही सापडत, रिकाम्या हातानं चार चकरा मारल्या की पाचव्याला सापडतात.

बाहेरून मागवायचंच तर हलकं आणि लहान मागवा. गॅस्केट किट, कार्टरच्या कार्बोरेटरचं किट, ऑटो-लाइटच्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, ऑइल सील. पत्र्याचं काही मागवू नका. फिलिपाईन्समध्ये अख्खा बॉडी टब नवा बनवून मिळतो आणि चांगला असतो, पण भाडं आणि ड्युटी धरली की डोकं फिरतं, आणि तुमचा पत्रा फोटोवरून एवढा गेलेला वाटत नाही. फ्लोअर गेलाय, तो तिथलाच माणूस करेल.

एफचे बोल्ट फेकू नका, एकही नाही. इथं स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या पार्टांच्या बाजारात, लोक एफवाला बोल्ट सुटा विकतात आणि मी विकत घेतलेत, सांगायलाही लाज वाटते. डिझेलमध्ये भिजवा, कुठून काढला ते लिहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. नऊखाचींना आनंद होईल.

अजून एक जिवाचं. चाकांच्या डिस्क नीट बघा. दोन भाग नट-बोल्टांनी जोडलेली डिस्क असेल तर ती काँबॅट रिम. तिचे नट टायरमध्ये हवा असताना कधीही सोडायचे नाहीत. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा, टायर लिबलिबीत झाला की मगच. हवेसकट सोडली तर डिस्क तोफगोळ्यासारखी उडते, माणसं गेलीत त्यात.

आणि हो, तुमच्या चौथ्या फोटोत जीपच्या मागं गोठ्याची भिंत दिसते, त्यात खिडकी कसली आहे? उभ्या फटी आहेत आणि दोन्ही बाजूला गोल पत्रा ठोकलाय. जरा जवळून फोटो टाकता का? बघून शांत झोप लागेना.

आरटीओग्रस्त

मंडळी, इंजिनावरून भांडण चाललंय पण कागदाचं कुणीच विचारत नाही. मी पुण्याची, वडिलांची जुनी जीप माझ्या नावावर करताना दीड वर्षं चकरा मारल्यात, म्हणून लिहिते.

कोयनाकाठ, आजोबांचं आरसी बुक आहे का? असेल तर लॅमिनेशन वगैरे करू नकोस, तसंच ठेव. बीएमनं सुरू होणारा मुंबई राज्याच्या काळातला नंबर असेल तर तो सोन्यासारखा आहे. वारसाहक्कानं नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला, आणि आजोबांच्या बाकी वारसांची संमती, म्हणजे मामांबरोबर तुझ्या आईचीसुद्धा आणि मावशी असतील तर त्यांचीही. मामांनी तोंडी दिली म्हणजे दिली असं आरटीओला नसतं. मग आरसीवरचा चेसी नंबर आणि तू घासतोयस तो नंबर जुळायला हवा, म्हणून पाना-पक्कड काका म्हणतात ते अगदी बरोबर, हातानंच घास. आणि एखादा आकडा नाही दिसला तर कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा पंच करायचा नाही, तो गुन्हा आहे.

आता इंजिनाचं. २०२१ साली केंद्रानं विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले नकोत. हरिकेन इंजिन आणि कुबडवालं बोनट घेऊन तू तिथं गेलास तर तपासणीला प्रश्न येणारच. तेव्हा विंटेज करायची असेल तर गो-डेव्हिल लागेल, हे हौशीचं नाही, नियमाचं झालं. आणि विंटेजवर नोंदवलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते, धंद्याला नाही आणि रोज दूध आणायलाही नाही. रोज फिरवायची असेल तर साध्या आरसीवर राहा आणि बदललेल्या इंजिनाची रीतसर नोंद करून घे. आजोबांनी तेव्हा केली होती का तेही आरसीवर बघ, बहुतेकांनी केलेली नसते.

रंगाचं तर सगळेच विसरतात. मोटार वाहन नियमांत नियम १२१ आहे, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आम्ही हौसेनं अमेरिकन रंगाची शेड जुळवून आणली, पांढरा तारा काढला, मॅट फिनिश केलं, आणि पासिंगला साहेबांनी लांबूनच बघून हात हलवला. पुन्हा सगळा रंग. त्यामुळं रंगाचा डबा उघडायच्या आधी आपल्या आरटीओत विचार, आणि आरसीवर जो रंग लिहिलाय तो बघ.

नऊखाची

बघा, ताईंनी सांगितलं तेच मी म्हणत होतो, फक्त कारण वेगळं. पाना-पक्कडभाऊ, आता बोला.

पाना-पक्कड

बोलतो की. ताईंचं म्हणणं कायद्याचं हाय, तिथं माझं काय चालत नाय. पण गो-डेव्हिल आणणार कुठनं ते नऊखाचीनं सांगावं. मी आयुष्यात तीन बसवलीत. एक इंजिन मला जुन्या टूरिंग टॉकीजच्या जनरेटरवर मिळालं, जीप कधीच भंगारात गेलेली आणि इंजिन तंबूत सिनेमा दाखवत होतं. लढाईतलंच पाहिजे असा हट्ट नसंल तर लढाईनंतरच्या सीजे-२ए चं साइड व्हॉल्व्ह घे, बाहेरनं तेच, बोनटखाली बसतंय, आतमध्ये टायमिंग चेनच्या जागी पुढं गिअर आले एवढा मोठा फरक. घेताना ब्लॉकला बाहेरनं चीर हाय का बघ, पाणी गोठून नाय तर आपल्याकडं गरम इंजिनात थंड पाणी ओतून चिरलेले असतात. ब्लॉक चांगला असंल तर बाकी सगळं करता येतं. व्हॉल्व्ह गाईड, बुश, वॉटर पंपाचं बॉडी, सगळं आपली पोरं लेथवर काढतात, फाउंड्री तर इथं पायलीला पन्नास.

मधला रस्ता असा. हरिकेन आहे तसं काढून, तेल भरून, गुंडाळून ठेव. विकू नकोस, आजोबांनी बसवलेलं हाय. गो-डेव्हिल मिळेपर्यंत चेसी, पाटे, ब्रेक, पत्रा करून घे. तेवढ्यात दोन-तीन वर्षं जातातच.

आणि ६ व्होल्टवर गेलास तर केबल जाड टाक. लोकं १२ व्होल्टची बारीक केबल टाकतात आणि मग म्हणतात सेल्फ ओढत नाय, ६ व्होल्ट बेकार. अरे करंट दुप्पट जातो, वायर तापते, सेल्फ काय करणार बिचारा. अर्थची पट्टी चेसीला रंग खरवडून लाव. आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, सगळे रबरी पाइप, नवीन इथेनॉलला टिकणारे घे, जुन्या स्टॉकचं रबर आताच्या पेट्रोलमध्ये चार महिन्यांत मऊ होतंय. टायर ६.००-१६ साइजचा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा सगळीकडं मिळतो पण त्याचा पॅटर्न पट्ट्यांचा, जीपला कसातरीच दिसतो. मिलिटरी पॅटर्नचा शोध, थांबावं लागलं तरी चालंल.

कोयनाकाठ

मंडळी, उशीर झाला उत्तर द्यायला, कारण सांगतो.

नंबर निघाला. जीपीडब्ल्यू आणि पुढचे सगळे आकडे. आईनं ट्रंकेतून आरसी बुक काढून दिलं, वाळवीनं एक कोपरा खाल्लाय पण चेसी नंबर शाबूत आहे आणि तंतोतंत जुळतोय. मेकमध्ये फोर्ड लिहिलंय, म्हणजे घरातले इतकी वर्षं बरोबरच म्हणत होते आणि मी शहाणा मिस्त्री आणून बसलो. इंजिन नंबर अर्थातच जुळत नाही, बदलाची नोंद नाही. रंग लिहिलाय राखाडी! राखाडी का ते कुणाला माहीत नाही, मामांना ती कायम हिरवीच आठवते. गंज खरवडला तर दोन्ही सापडले, खाली हिरवा, मध्ये राखाडी, वर पुन्हा हिरवा. तर राखाडीच करायची असं ठरतंय, ताई, तुमचा मनस्ताप माझ्या उपयोगी पडला. मावशी दोन आहेत, एक हैदराबादला, दोघी सही देतो म्हणाल्यात.

आता दत्तूदादा. तुमचा मेसेज वाचला आणि मी रात्री साडेदहाला मामांना फोन केला, ते म्हणाले खिडकी म्हणजे खिडकी, बैलांना वारा लागावा म्हणून तुझ्या आजोबांनी बसवलीय. शनिवारी जाऊन बघितलं. चुन्यानं इतक्या वेळा रंगवलीय की फटी निम्म्या बुजल्यात. मोजल्या. नऊ. दोन्ही बाजूचे गोल म्हणजे हेडलाइटची भोकं, त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलाय, आणि त्यांच्या खाली दोन छोटे गोल आहेत, ते सिमेंटनं भरलेत. खालची कड थोडी वाकलीय, बाकी जाळी गंजलेलीसुद्धा नाही, चुन्यानं वाचली असावी. मी तिथंच खाली बसलो. लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात त्या खिडकीतून बैलांना पेंड टाकायचो.

फक्त मामी ती काढू देत नाहीये. म्हणते आधी नवी खिडकी बसव, मग ने, पावसाळा तोंडावर आलाय आणि म्हैस व्यायची आहे. म्हणून उद्या कराडला ग्रिलवाल्याकडं जातोय, माप घेतलंय. हेडलाइट वळवायच्या बिजागऱ्या काही सापडल्या नाहीत अजून, गोठ्याची सगळी दारं बघून झाली. आणि पाना-पक्कड दादा, डाव्या बाजूचे उलट्या आट्यांचे दोन स्टड तुमच्याकडं असतील तर सांगा, पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला येतोय, तुटलेले तुकडे मापाला घेऊन येतो.